एकशे ब्याऐंशी दिवस

प्रिय चिमे,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. आईच्या खोलीचं काय करायचं एवढंच विचारलंयस, आणि मी मूग गिळून बसलेय. सांगते, पण आधी माझी फजिती ऐक.

तू ज्याला माझा दुसरा नवरा म्हणायचीस, आकाशातल्या त्या अतिदूरच्या, झगझगीत क्वेसारने मला तोंडघशी पाडलं. तो आहे एकच, पण वाटेत एक दीर्घिका आल्यामुळे त्याचा प्रकाश दोन वाटांनी येतो आणि आपल्याला दोन ठिपके दिसतात. एक वाट लांबची. म्हणून पहिला ठिपका आज उजळला, तर दुसरा काही दिवसांनी तसाच उजळतो. ते दिवस किती, हे मोजण्यात माझी अकरा वर्षं गेली. वर्षातले सहा महिने सूर्य आड येतो, तेव्हा काहीच दिसत नाही; ठिपक्यांच्या उजेडाच्या आलेखात तेवढी जागा रिकामी. दुसऱ्या ठिपक्याचा आलेख एकशे ब्याऐंशी दिवस मागे सरकवला आणि तो पहिल्याच्या रिकाम्या जागांत असा चपखल बसला, की मी सगळ्या ऑफिसला चहा पाजला. शोधनिबंध छापूनही आला. परवा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, की हे दोन आलेख एकमेकांवर येतात तरी कुठे? कुठेच येत नव्हते गं. एक असतो तिथे दुसरा नसतोच, मग चूक दिसणार कशी? खरं उत्तर चौऱ्याहत्तर दिवस निघालं. काल मी निबंध मागे घेतला.

घरी येताना आपण दोघी आठवलो. आईला सांभाळायची पहिली सहामाही तुझी, दुसरी माझी. तू शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवून सकाळी निघायचीस, मी संध्याकाळी पोचायचे. पाच वर्षांत आईजवळ आपण एकदाही एकत्र बसलो नाही, आणि बहिणीबहिणींचं कसं छान जमतं म्हणून मिरवत राहिलो. तू तिची खाट खिडकीशी ठेवायचीस. मी आल्या आल्या ती भिंतीशी ओढायचे आणि जायच्या दिवशी गुपचूप परत खिडकीशी.

अजून एक गोष्ट मागे घ्यायची राहिलीय. आई शेवटी झोपेतच होती, तिने कुणाची आठवण काढली नाही, असं मी तुला सांगितलं. ते खोटं होतं. शेवटचे चार दिवस ती तुलाच हाका मारत होती. मला ओळखतही नव्हती. रोज संध्याकाळी तू फोन करायचीस आणि मी म्हणायचे, बरी आहे, तुझी पाळी यायला अवकाश आहे, घाई करू नकोस. पाच तासांच्या अंतरावर होतीस तू. पण मला तुझा मत्सर वाटला, चिमे. निम्मी आई माझी होती, ती शेवटी सगळी तुझी झाली, हे मला सोसवलं नाही. त्या दुपारी तिने माझा हात चाचपला आणि चिमी आली का म्हणून विचारलं. मी हो म्हणाले. ती हसली, आणि मग गेली. खोलीचं तूच ठरव. खाट मी खिडकीशी ठेवलीय.

अजूनही म्हणू देशील तर, तुझीच
ताई