खडूच्या रेषेच्या अलीकडे

३ फेब्रुवारी

कितीतरी महिने तुला हातही लावला नाही. चूक माझीच. कारणं द्यायला बसले तर हे पानही त्यातच संपेल, म्हणून सरळ माफी मागते आणि सुरुवात करते.

सेन्सर आला! दोन वर्षं मोठ्या बाईंच्या मागे लागले होते. मुठीएवढी डबी, पुढे गोल जाळी. तिच्यातून आपल्याला ऐकू न येणारा आवाज निघतो, समोरच्यावर आपटून परत येतो. जाऊन यायला किती वेळ लागला त्यावरून समोरचा किती लांब आहे ते कळतं. संगणकाला जोडली की पडद्यावर रेषा उमटत जाते. समोरचा चालला तर तिरकी, उभा राहिला तर आडवी. माणसाच्या चालण्याचा आलेख, तो चालत असतानाच!

गणिताच्या सरांनी डबी उलटसुलट करून पाहिली. (मुलं त्यांना काटकोन म्हणतात. ते बसतातही तसेच.) "बाई, एवढ्यासाठी दोन वर्षं तप केलंत? मी पट्टीने दोन मिनिटांत काढून देतो." काढा, म्हटलं. पण ती तुमची रेषा होईल. मुलांची नाही.

महिनाअखेर वर्गाला पुढच्या वर्षीचे विषय कळवायचेत. निम्मी मुलं भौतिकशास्त्र सोडणार, असं दिसतंय. सगळ्यांसाठी जीव जळत नाही, खोटं का लिहू? एका मुलीसाठी जळतो. खिडकीशी बसते. नाव इथेही लिहीत नाही — वही कुणाच्या हाती लागली तर? (कुणाच्या लागणार!) खिडकीवालीचा पेपर तपासताना मी लाल पेन खाली ठेवते आणि नुसती वाचते. ती सोडणार म्हणतात. वर्गात मात्र तोंडातून शब्द नाही.

आलेख म्हणजे पाठ करायचं चित्र नव्हे, हे तिला एकदा स्वतःच्या पायांनी कळू दे. मग सोड म्हणावं! सोडणारच नाही.

५ फेब्रुवारी

फजिती.

सेन्सर माझ्या टेबलावर, मी मागे खुर्चीत. टेबलाच्या जरा अलीकडे जमिनीवर खडूची रेषा. मागच्या भिंतीपासून एका चालीने यायचं आणि रेषेवर थांबायचं. सोपं! पडद्यावर करवत उमटली. भोंगा (खिडकीवालीच्या शेजारी बसते, तिचा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत जातो) आपला आलेख पाहून ओरडली, "बाई, मी काय बेडूक आहे का?" वर्ग लोटपोट.

मग तीच म्हणाली, "बाई, ही म्हणतेय —"

"हिला सांगू दे की."

खिडकीवालीने मान खाली घातली. मी थांबले. मुलांना मी कधी घाई करत नाही, एवढी एक गोष्ट मला माझी आवडते. वर्गही शांत. पण नाहीच. शेवटी भोंग्यालाच राहवेना: "अहो, बाकड्याचा कोपरा मध्ये येतोय! आवाज त्याच्यावरून परत येतोय!"

अगदी बरोबर. बाकडं सरकवलं, करवतीचे अर्धे दात गेले. उरलेले सैल कपड्यांमुळे असावेत — मऊ कापड आवाज गिळून टाकतं. उद्या छातीशी जाड पुठ्ठा धरून चालवते. सोडणार नाही.

६ फेब्रुवारी

पुठ्ठ्याने काम केलं. दात गेले!!

९ फेब्रुवारी

रेषा आता स्वच्छ येतात, पण एक खोड उरली. उतरत उतरत छान येते आणि शेवटी वाकून आडवी होत जाते. सगळ्यांचीच. म्हणजे रेषेजवळ येता येता मुलं हळू होतात.

सर म्हणाले, "थांबायचं म्हटल्यावर हळू होणारच. तुम्ही काय धाडकन थांबता?" पटलं. पण घरी आल्यावर पटेना. थांबण्यासाठी हळू व्हायचं तर शेवटच्या पावलाला. हा वाक कितीतरी आधी सुरू होतो. सेन्सरच जवळचं चुकीचं दाखवत असेल का? उद्या बॅटरीवरची खेळण्यातली गाडी सोडून बघू.

१० फेब्रुवारी

गाडीची रेषा शेवटपर्यंत सरळ. सेन्सर निर्दोष.

मग टेबलच नको म्हणून तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, खडूची रेषाही तिकडे नेली. वाक तिकडेही आला. काही समजत नाही. टेबल नाही, बाकडी नाहीत, उजेड वेगळा. कट्ट्याशी फक्त सेन्सर होता आणि मी.

हे वाक्य लिहिलं आणि पेन थांबलं.

१२ फेब्रुवारी

सेन्सर परत टेबलावर. सरांना विनंती केली, माझ्या खुर्चीत बसा. मी बाहेर व्हरांड्यात. बाकी सगळं तसंच — तीच मुलं, तोच पुठ्ठा, तीच रेषा. सर आत काहीतरी बरळत होते, मुलं हसत होती.

रेषा सरळ. खडूपर्यंत सरळ!

मग मी आत येऊन बसले. वाक.

सर नेहमीसारखं काहीतरी खोचक बोलतील असं वाटलं. ते म्हणाले, "असं होतं हो एखाद्या दिवशी." त्यापेक्षा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

पण थांब. घाईने निष्कर्ष नको. मी नंतर बसले. तोवर मुलं दमली असतील, कंटाळली असतील. उद्या क्रम उलटा. आधी मी, मग सर.

१३ फेब्रुवारी

क्रम उलटा केला. निकाल तोच.

सगळ्यांत कमी वाक भोंग्याचा. सगळ्यांत जास्त कुणाचा, ते लिहायला नको. खडूची रेषा अजून चांगली लांब असताना तिची जवळजवळ आडवी झालेली. आणि मी समोर बसून बघत होते! डोळ्यांना ती चालतच होती. हसत होते मी तिच्याकडे बघून.

जेवताना नवऱ्याला विचारलं, "मी भीती वाटण्यासारखी आहे का?" तो म्हणाला, "भाजी वाढून झाली की सांगतो." आम्ही दोघं हसलो. मग त्याने भाजी पुन्हा वाढून घेतली.

भीती कसली पण? या हाताने कुणाला चापट नाही. आवाज चढवल्याचं आठवत नाही. व्हरांड्यापलीकडे सर फळा दणाणून सोडतात आणि त्यांच्यासमोर रेषा सरळ! हा कुठला न्याय?

१६ फेब्रुवारी

मोठ्या बाईंना पालकसभेत आलेख दाखवायचाय. "ते वाकडं-बिकडं नको हं, चांगला सरळ एखादा निवडा." म्हटलं, दाखवेन तर सगळे दाखवेन. त्या म्हणाल्या, "तुम्ही ना, धोंड्याला पाझर फोडाल पण स्वतः हलणार नाही." गमतीत म्हणाल्या. मी दिवसभर तेच चघळतेय.

यंत्र 'किती' ते सांगतं. 'का' ते खिडकीवालीलाच विचारायला हवं.

१८ फेब्रुवारी

आज विचारलं.

तास संपल्यावर तारा गुंडाळायला तिला थांबवलं. भोंगाही थांबायला निघाली. तिला परीक्षानळ्या मोजायला आतल्या खोलीत पिटाळलं. विचारणार कसं, याची धास्ती मलाच होती. समोर उभी राहून विचारलं असतं तर ती पुन्हा गप्प झाली असती. म्हणून पाठ केली, नळ सोडला आणि चंचुपात्रं विसळता विसळता म्हटलं, माझ्याजवळ येताना तू हळू होतेस. का गं?

ती माझ्या पाठीशी बोलली. इतकं सलग बोलताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं.

"तुम्ही ओरडत नाही, बाई. बाकीचे ओरडतात, मग संपतं. तुम्ही थांबता. मला उत्तर येत असतं. पण तुम्ही थांबता, मग सगळा वर्ग थांबतो, सगळे माझ्याकडे बघतात, आणि मग येत असलेलंही जातं. तुम्ही हसत असता."

मी नळ बंद केला.

"भौतिकशास्त्र सोडणार आहेस?"

"हो."

"आवडत नाही?"

"आवडतं की." मग वेळापत्रक विचारावं तसं: "पण पुढच्या वर्षीही तुम्हीच असाल ना, बाई?"

त्यात उद्धटपणा कणभरही नव्हता. तेवढ्यात आतून भोंगा ओरडली, "बाई, एक फुटकी आहे, ती मोजू का?"

मोज, म्हटलं.

२० फेब्रुवारी

आज ठरवून कुणासाठी थांबले नाही. प्रश्न टाकला, दोन क्षण, पुढची. जमेना! प्रत्येक वेळी मान आपोआप कलते, भुवया वर जातात, ओठांवर ते हसू येतं. सवय आहे ती. तिला मी धीर समजत आले. भोंग्याने विचारलंच, "बाई, तुम्हाला आज बरं नाही का?"

मी बदलणार. ते ठरलंच. वय झालं म्हणून सवय सुटत नाही हे मला मान्य नाही. पण वर्ष लागेल, कदाचित दोन. आणि तिला विषय कळवायचाय पुढच्या आठवड्यात! माझ्या सुधारण्याच्या भरवशावर तिने का बसावं?

"मी बदलते, तू सोडू नकोस," असं तिला सांगू? सांगितलं तर ती हो म्हणेल. माझ्या समोर ती दुसरं काय म्हणणार!

२२ फेब्रुवारी

सुट्टी असून शाळेत गेले. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. तिच्या जागेवर बसून माझ्या खुर्चीकडे पाहिलं. मग भिंतीपासून खडूच्या रेषेपर्यंत चालून पाहिलं, सेन्सर न लावता. पुन्हा पुन्हा.

काय करायचं ते कळलंय. हा पळपुटेपणा तर नाही ना, एवढंच तपासत होते. पळपुटेपणा असता तर इतकं जिवावर आलं नसतं, असं वाटतं. खात्री नाही. खात्री नसतानाच करणार.

२५ फेब्रुवारी

पुढच्या वर्षी त्या वर्गाचं भौतिकशास्त्र सरांकडे. मी खालचे वर्ग मागून घेतले. मोठ्या बाई बघतच राहिल्या, पण हो म्हणाल्या. सर म्हणाले, "गणित सोडून मला ओ की ठो येत नाही, बाई, मारताय का मला!" पण नाही म्हणाले नाहीत.

वर्गाला सकाळीच सांगितलं. कारण नाही सांगितलं. दुपारी विषय आले. तिने भौतिकशास्त्र ठेवलंय.

उद्या: सरांना सेन्सर जोडायला शिकवणे.