थकवा शून्य, राग दहा

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
सोमवार

प्रिय चांगुणाताईस,

यशोधराचा सप्रेम जयभीम. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? नसला थांबला तरी डॉक्टरला तोंडी सांगा, लेखी काही देऊ नका. का, ते पुढे वाच. (फोनच केला असता, पण मी फोन घेतला की सासूबाई शेजारी येऊन भाजी निवडायला बसतात.)

डेंग्यू जाऊन दीड महिना झाला आणि रिपोर्ट नॉर्मल आले, तेव्हापासून मी बरी आहे. हे मला सोडून घरात सगळ्यांना पटलंय. उल्हासनगरच्या दुकानात काउंटरला नऊ तास उभं राहायचं असतं, आणि इथे केस विंचरून झाले की मला बसावं लागतं. शेठ बिचारा चांगला. म्हणाला, डॉक्टरची चिठ्ठी आण आणि अजून महिनाभर आराम कर. म्हणून गेले, तर नव्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीऐवजी एक कागद दिला. आठवडाभरात थकव्यामुळे कुठल्या कामात किती अडथळा आला, त्याचे शून्य ते दहा आकडे लिहायचे. शून्य म्हणजे काही त्रास नाही, दहा म्हणजे काम ठप्प. त्यावर रजा ठरणार. मला बरं वाटलं गं, कोणीतरी विचारलं म्हणून. चूक एवढीच झाली की कागद घरी आणला.

पहिला प्रश्न चालण्याचा. मी आठ लिहीत होते, तर हे (मोरिवलीच्या कारखान्यात माल तपासतात, त्यामुळे कागद दिसला की ह्यांचे हात शिवशिवतात) म्हणाले, बाजारात गेलीस आणि परत आलीस, मग अडथळा कुठला? मधे मी मेडिकलच्या पायरीवर, एका अनोळखी माणसाच्या स्कूटरवर आणि आपल्याच जिन्यात बसले होते, ते ह्यांच्या तपासणीत येत नाही. शून्य. दुसरा प्रश्न घरकामाचा. सासूबाई म्हणाल्या, "भाकऱ्या झाल्या ना? मग झालं." झाल्या हे खरं. स्टुलावर बसून थापल्या आणि तिसरी तव्यावर असताना माझा डोळा लागला. करपलेली मीच खाल्ली, त्यामुळे पुरावाही उरला नाही. शून्य. कपडे, भांडी, पायलचा शाळेचा डबा, सगळं झालेलंच होतं. आणि खरं सांगू? काम झालेलं असताना अडथळा आला असं लिहायला माझाच हात धजेना. आपली आई अंगात ताप असताना धुणं धुवायची, तिला कुठे कोणी कागद दिला होता?

शेवटचा प्रश्न माणसांशी वागण्याचा. तिथे मात्र आमच्या लेकीसकट तिघांचं एका क्षणात एकमत झालं. दहा.

डॉक्टरीणबाईंनी कागद वरून खाली दोनदा वाचला आणि म्हणाल्या, येत्या सोमवारपासून कामावर जायला हरकत नाही, फक्त रोज दहा मिनिटं डोळे मिटून शांत बसत जा. मी तिथेच मिटले. कंपाउंडरने हलवून उठवलं तेव्हा चार पेशंट तपासून झाले होते. मग बाईंनी (जरा ओशाळून) नवा कोरा कागद दिला. शनिवारी भरून आणायचा आहे.

तुझी धाकटी,
यशोधरा

ता. क. : हे पत्र ह्यांच्याच हाती पाठवते आहे, कामावर जाताना पालेगावात देतील. पाकीट नीट चिकटवून देईन, उघडलेलं दिसलं तर मला कळव. नवा कागद पिठाच्या डब्यात लपवलाय. तू उद्या ये, दोन दिवस राहा. सासूबाईंना आणि ह्यांना मी बघून घेईन. कागद भरताना तू फक्त माझ्या शेजारी बस, आणि मी शून्य लिहायला लागले की माझा हात धर.

ता. क. दुसरा : पत्र सोमवारी सुरू केलं, आज गुरुवार आहे. मधे पाच वेळा आडवी झाले, अक्षरावरून कळेलच. पण पत्र पूर्ण झालं. म्हणजे लिहिण्याच्या रकान्यातही शून्यच.