पाणी देऊ की बसायचंय?

४ नोव्हेंबर

आज थोबाडीत बसली! शिट्टीमास्तरांची. शाळेत कवायत शिकवायचे, आता आमच्या मनोरुग्ण वॉर्डात आहेत. गळ्यातली शिट्टी दोरीमुळे आत चालत नाही, म्हणून काढून घेतली – मी नव्हे, दाखल करून घेणाऱ्यांनी. मार मात्र मला!

तरी दाराच्या बाजूला सरकले, जरा तिरकी उभी राहिले, तळवे उघडे ठेवले. आवाज खाली. 'मास्तर, मी इथेच आहे. पाणी देऊ की थोडं बसायचंय?' बसले. मग ढसाढसा रडले.

मेट्रनबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'हिच्याकडून शिका! डोक्यावर बर्फ आहे नुसता!' बर्फ कसला? गालावर लावायला तरी द्यायचा होता. अख्ख्या वॉर्डाला आम्ही दोघी नर्स, त्यातली एक कायम रजेवर. ते मात्र कोणाला दिसत नाही.

६ नोव्हेंबर

मुख्य कार्यालयातून एक साहेब आले. भावनिक बुद्धिमत्ता आणि खंबीरपणा शिकवायला. आम्हाला! फुगे वाटले. राग फुग्यात भरा आणि सोडून द्या म्हणे. आम्ही गाल फुगवत बसलो तेव्हा वॉर्डात कोण होतं? एकटा वॉर्डबॉय!

मी विचारलं, 'आणखी एक नर्स कधी मिळणार?' साहेब गोड हसले. 'सिस्टर, परिस्थिती आपल्या हातात नसते, प्रतिसाद असतो.' अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि मी काय केलं? मीही हसले! वर नर्सिंग शिकायला आलेल्या नव्या मुलींना शांत राहायला शिकवायचं काम मेट्रनबाईंनी माझ्याच गळ्यात मारलं.

७ नोव्हेंबर

पलंगावर ओला टॉवेल. लेकीला वाट्टेल ते बोलले. एका टॉवेलसाठी!

९ नोव्हेंबर

घरी लेकीसमोर त्या धड्याची तालीम केली. ती पेशंट झाली. उशा काय फेकल्या, किंचाळली काय – नाटकी कार्टी! किती दिवसांनी हसलो दोघी.

सगळं समजावून सांगितलं. दार अडवायचं नाही – त्याचं नाही, आपलंही नाही. छाती काढून समोर उभं राहायचं नाही. हात दिसू द्यायचे. 'का केलंस' विचारायचं नाही. दोन सोप्या गोष्टी पुढे ठेवायच्या, त्यातली एक त्याला निवडू द्यायची. पटापट उचललं तिने.

मग म्हणाली, 'तिथे कोणी कितीही आरडाओरडा केला तरी तू अशीच बोलतेस?'

'रोज.'

फेकलेल्या उशा गोळा करायला लागली. दमली असेल.

१२ नोव्हेंबर

नव्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी तिकडे शांतपणाचे धडे देत होते आणि इकडे शिट्टीमास्तर बिथरले. माणसं कमी, म्हणून त्यांना एकट्याला खोलीत कोंडलं! मी आले तेव्हा कोपऱ्यात बसून नुसत्या तोंडाने शीळ घालायला बघत होते. येत नव्हती.

मेट्रनबाईंना म्हटलं, निदान दोरी काढून शिट्टी तरी द्या. माझ्यासमोर वाजवतील, मी परत घेईन. 'पुढच्या बैठकीत बघू.' मी म्हटलं, 'बरं.' बरं! ओरडायला हवं होतं. टेबलावर हात आपटायला हवा होता. दातओठ खात घरी आले. चीड येते स्वतःची. त्या बाईपुढे माझा आवाज कुठे जातो?

१३ नोव्हेंबर

दूध उतू गेलं. लेकीला लक्ष ठेवायला सांगितलं होतं. पातेलं सिंकमध्ये आपटलं, घसा फाटेस्तोवर ओरडले. ती पळाली नाही, उलट बोललीही नाही. दाराच्या बाजूला सरकली. जरा तिरकी उभी राहिली. तळवे उघडे.

'आई, मी इथेच आहे. पाणी देऊ की थोडं बसायचंय?'

मी बसले.