प्रमोदिनीच्या दोन मावश्या

आंबिवली,
रविवार, दिवेलागण

चि. सौ. गोदास थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

तर पहिली आली ती प्रमोदिनी. मी मटकी निवडत बसलेले, दार उघडते तर ही उभी. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात वही आणि पेन, आणि तोंडातून शब्द कुठला, तर "मावशी". (कोण प्रमोदिनी ते सांगते, धीर धर.) मागून दहा मिनिटांनी तिचा नवरा गुरुदत्त, गाडी लावायला जागा शोधून घामाघूम झालेला. मग डोंबिवलीची शालन, डबाभर अळूवड्या घेऊन. आणि सगळ्यात शेवटी हरिहर साहेब, हातात फुलांचा गुच्छ. आमच्या घरात खुर्च्या तीन, त्यातली एक डुगडुगती. ती गुरुदत्तला दिली.

पण ते राहू दे, आधी तुझी तब्येत. गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना, की लावते म्हणतेस नुसती? बीपीची गोळी चुकवू नकोस. मला तुझी फार काळजी वाटते गं, गेल्या पंधरा दिवसांत तर जास्तच. फोनच केला असता, पण तुझा फोन भावोजी घेतात, स्पीकर लावतात आणि ओटीवर बसलेल्या सगळ्या आळीला ऐकवतात. हे ऐकवण्यातलं नाही, म्हणून चौथीपर्यंतच्या अक्षरात लिहायला बसले. शेजारचा जगन उद्या पहाटेच्या एसटीने गावी निघालाय, त्याच्या हाती देते.

आता मुळापासून. तुझा भाचा तानाजी कोलशेतच्या कंपनीत मशीनवर आहे ते तुला माहीत आहेच. अकरा वर्षांत त्याने धड चार दिवस सुट्टी म्हणून घेतली नाही. आणि त्याचा आर्यन, सातवीत गेला, वर्गात तो एकटाच म्हणे कुठल्या पाण्याच्या घसरगुंडीवर बसला नव्हता. (आपण काय बसलो होतो? आपण नदीच्या दरडीवरून घसरायचो आणि घरी मार खायचो. पण आता पोरांना तिकीट असल्याशिवाय घसरता येत नाही.) त्याच कंपनीच्या ऑफिसात गुरुदत्त मोठे साहेब. त्यांनी चार वर्षांपूर्वी एका क्लबाच्या फुकट जेवणाला जाऊन पंचवीस वर्षांच्या सुट्ट्या एकदम विकत घेतल्या. हो, पंचवीस वर्षांच्या. देवळात जन्माचा अभिषेक भरून ठेवतात ना, तशा. दर वर्षी त्यांना पॉइंट मिळतात, आणि त्या पॉइंटवर क्लबाच्या रिसॉर्टात राहता येतं. आता गंमत अशी, की साहेबांना सुट्ट्या आहेत पण सुट्टी नाही. मग न वापरलेले पॉइंट वाया जातात. म्हणून ते भाड्याने देतात, तसे ह्या दिवाळीला तानाजीला दिले. आपण रेशनचं रॉकेल शेजारणीला द्यायचो तसंच, फक्त रॉकेल देताना आपण तिला उभं राहून भाषण देत नव्हतो.

भाषण ऐकायला आम्ही सगळे ठाण्याला त्यांच्या घरी गेलेलो. बाराव्या मजल्यावर घर, आत पाय ठेवायला भीती वाटावी एवढं स्वच्छ. आम्हाला दारालगतच्या बाकड्यावर बसवलं आणि कागदी पेल्यात पाणी दिलं. (त्यांचे काचेचे पेले मला समोरच्या कपाटात दिसत होते. काचेच्याच कपाटात ठेवलेले, दिसणारच.) मग प्रमोदिनीबाईंनी सुरुवात केली. आजी, तिथे गॅलरीत नऊवारी वाळत घालू नका. आजी, खोलीत सुकट काढू नका. आजी, नाश्त्याचं पिशवीत भरून आणू नका. आणि शेवटची मुद्द्याची गोष्ट: क्लबाच्या नियमाने पॉइंट भाड्याने देता येत नाहीत, घरच्या माणसांनाच चालतात. तेव्हा तुम्ही माझी मावशी. नातं खोटं निघालं तर तुमची खोली तर जाईलच, आमची मेंबरशिपही जाईल, उरलेल्या एकवीस वर्षांसकट. एवढं बोलून तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मावशी म्हणून माझ्याऐवजी दुसरी कोणी मिळाली असती तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत निघालो. गाडीने चार तास. गोदे, काय जागा! आत शिरताच थंडगार, पायाखाली आरशासारखी फरशी, बाजूला मोठं पार्क, त्यात पाळणे, घसरगुंड्या, खोट्या समुद्राला खऱ्या लाटा. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, मेंबर मॅडम तुमच्या कोण? तानाजी म्हणाला, मावसबहीण, ही माझी आई, त्यांची मावशी. ती हसली आणि चावी पुढे केली. झालेलं काम. पण तूच सांग, आपल्यात नुसतं मावशी म्हणून कुणाचं भागतं का? समोरचं माणूस विचारणारच, सख्खी की चुलत, थोरली की धाकटी, माहेर कुठलं. पोर बिचारी लाजून विचारत नसेल म्हणून मीच आपणहून सांगितलं. सख्खी. थोरली. प्रमोदिनी पायाळू जन्मली. तिचं बारसं माझ्या मांडीवर झालं. लहानपणी माती खायची, आणि चौथीपर्यंत अंथरूण ओलं करायची. आईविना पोर, मी या हातांनी वाढवली. (तानाजी माझा पदर ओढत होता, मला वाटलं पदर कशात तरी अडकलाय.) पोरीच्या डोळ्यात पाणी. तिने आईचं नाव विचारलं, माझ्या तोंडाला आलं ते सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी डोसा घेऊन बसतेय तोच तीच पोर धावत आली. म्हणाली, आजी, सरप्राइज! तुमची बहीण पण आलीय, प्रमोदिनी मॅडमची दुसरी मावशी! माझ्या हातातली चटणी सांडली. मागे वळून बघते तर माझ्याच वयाची एक बाई, अंगात स्वेटर, हातात तीन केळी, आणि चेहरा दुधासारखा पांढरा. मला वाटलं, संपलं, ही खरी मावशी, आता आर्यनची घसरगुंडी गेली, खोली गेली, तानाजीची नोकरीही जाते की काय. ती माझ्यासमोर उभी राहिली, मी तिच्याकडे बघितलं, आणि कुणी काही विचारायच्या आत मी उठून तिच्या गळ्यात पडले. ती पण पडली. आता रडलं नाही तर बरं दिसत नाही म्हणून दोघी रडलो.

मग सुरू झालं. मी म्हटलं, आपल्या प्रमोदिनीला श्रीखंड किती आवडायचं. ती म्हणाली, छे, बासुंदी. मी म्हटलं, बासुंदी कांजिण्यांनंतर. ती म्हणाली, हो हो, कांजिण्यांनंतर. ती म्हणाली, तिच्या लग्नात तू रुसली होतीस आठवतं का, मानाच्या साडीवरून? आता मी कधी कुणाच्या लग्नात रुसले नाही, पण गोदे, तिने ते अशा खात्रीने सांगितलं की मला ती साडी दिसायला लागली. चॉकलेटी, काठ उसवलेले. मी म्हटलं, रुसणारच, तुला पैठणी दिली आणि मला ती. तेवढ्यात मॅनेजर हरिहर साहेब आले. माणूस फार हळवा. त्याने लगेच मोबाईल काढून मेंबरच्या नंबरवर तोंड दिसणारा फोन लावला. पलीकडे प्रमोदिनी, पार्लरमध्ये बसलेली, तोंडाला हिरवा लेप, डोळ्यांवरची काकडी एका बाजूला घसरलेली. तिने आधी मला बघितलं, मग त्या केळीवालीला (तीच ही शालन), मग मॅनेजरला. लेपातूनसुद्धा तिचा रंग उडालेला कळला मला. मग एकवीस वर्षं तिच्या डोळ्यांसमोरून गेली असावीत, कारण ती एकदम किंचाळली, "अगं बाई, माझ्या मावश्या! दोघी एकदम!" ठाण्यात आम्हाला बाकड्यावर बसवणारी ती हीच. हरिहर साहेबांनी रुमाल काढला.

खरं बाहेर पडलं ते दुपारी. तिथे एक संथ नदी केलीय, पाणी गोल गोल फिरतं आणि आपण टायरीत बसून नुसतं तरंगायचं. (मला तंग काळी विजार घालायला लावली होती, तो विषय वेगळा. विनिताने, आमच्या सुनेने, फोटो काढलाय, तो मी जिवंत असेपर्यंत कुणाला दिसणार नाही.) शालनची टायर माझ्या टायरीला येऊन लागली. दोन फेऱ्या तिने माझी टायर धरून ठेवली. तिसऱ्या फेरीला हळूच म्हणाली, "ताई, रागावू नका हो, पण मी काही तिची मावशी नाही. आम्ही पॉइंट भाड्याने घेतलेत." मी म्हटलं, "अगं मेले, मीही नाही!" एवढी हसले की टायर उलटी झाली आणि शिट्टीवाल्याने मला काठीने बाहेर ओढलं. तर गोष्ट अशी निघाली, की साहेबांनी पॉइंटचे दोन वाटे करून दोन घरांना दिलेले आणि दोघींना पढवलेलं एकच, तुम्ही माझी मावशी. एवढी शिकलेली माणसं, एकीला आत्या केलं असतं तर काय बिघडलं असतं? पण आत्या म्हटलं की बापाच्या बहिणीचा मानपान आला, तेवढा विचार कोण करतो.

आम्ही चार दिवस राहिलो. आर्यन बावीस वेळा घसरला. तानाजी शेवटच्या दिवशी खोट्या समुद्रात उभा राहून स्वतःशीच हसताना मी बघितला. लग्नात हसला होता, त्यानंतर आत्ताच. एवढ्यावर मी जन्मभर कुणाचीही मावशी व्हायला तयार आहे.

पण हरिहर साहेबांनी ते मनावर घेतलं. क्लबाची जाहिरात करायचीय त्यांना, आईविना वाढलेली मेंबर आणि तिला घडवणाऱ्या दोन मावश्या, आणि क्लबाने कशी भेट घडवली. कॅमेरा घेऊन येणार, तेही आमच्या आंबिवलीच्या घरी. प्रमोदिनीला नाही म्हणता येईना, नाही म्हटलं तर का नाही ते सांगावं लागेल. म्हणून आज सगळे जागा बघायला आले, आणि प्रमोदिनी हरिहर साहेबांच्या तासभर आधी आली वही घेऊन, स्वतःचं लहानपण उतरवून घ्यायला. मी सांगत होते, ती लिहीत होती. मध्येच मान वर करून विचारते, "मावशी, मी माती साधारण कितव्या वर्षापर्यंत खायचे?" मी म्हटलं, लग्न ठरेपर्यंत लिही. तिने लिहिलं गं!

आम्ही कागदी पेले ठेवत नाही. भाचीला आपल्या तांब्यातलंच पाणी दिलं, तिने डोळे मिटून प्यायलं. हरिहर साहेबांसमोर तिची ओटी भरली, तिला वाकून नमस्कार करायला लावला. आणि गुरुदत्त? ते आता जावईबापू. त्यांना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, डोक्याला टोपी घातली (तानाजीची, जरा घट्ट), हातात नारळ दिला. तानाजी आपल्याच साहेबाला मटकी वाढताना सर, सर करत होता. मी म्हटलं, अरे दाजींना आग्रह कर. त्याने इतका आग्रह केला की साहेबांना तिसऱ्या पोळीला नाही म्हणता आलं नाही. जाताना मी साहेबांना एका बाजूला घेऊन एवढंच म्हटलं, जावईबापू, सख्ख्या मावशीकडून खोलीचं भाडं घेतल्याचं कॅमेऱ्यासमोर माझ्या तोंडून चुकून निघालं तर? पुढच्या दिवाळीची खोली बोलून गेले बिचारे. शालनलाही.

बाकी सर्व क्षेम. भावोजींना नमस्कार, पोरांना पापे. तुझी तब्येत जप.

तुझी,
कलाताई

ता.क. हरिहर साहेब निघताना भिंतीकडे बघून म्हणाले, प्रमोदिनी मॅडमच्या आईंचा फोटो दिसत नाही? मी म्हटलं, फ्रेम करायला टाकलाय. गोदे, काउंटरवर माझ्या तोंडाला आलं ते नाव तुझं होतं. तू गेलीस. प्रमोदिनी सव्वा महिन्याची असताना. पण सवाष्ण गेलीस हो, हिरव्या साडीत, भरल्या मळवटाने, त्यात मी काही कमी पडू दिलं नाही. शालन तुझ्यासाठी एवढी रडली की तिची केळी काळी पडली. तर जगनच्या हाती तुझा एक बरासा फोटो पाठव. चष्मा नसलेला, आणि दात दिसत नसलेला, हार घातल्यावर दात बरे दिसत नाहीत.

ता.क. भावोजींना हे पत्र दाखवू नकोस. पोर माझ्याकडे का वाढली त्याला कारण हवं म्हणून, तू गेल्यावर वर्षाच्या आत त्यांनी दुसरी केली असं सांगून बसलेय. वाचलं तर विचारत बसतील, कुठे आहे म्हणून. आणि प्रमोदिनीच्या खऱ्या आईची काळजी करू नकोस, ती मुलुंडला धडधाकट आहे, तिला त्या दिवशी नाशिकला धाडणार आहेत.

ता.क. तूही त्या दिवशी इकडे फिरकू नकोस. दुसऱ्या दिवशी खुशाल ये, चार दिवस राहा. पुढच्या दिवाळीला तुला रिसॉर्टात नेते, तिसरी मावशी म्हणून, येताना चष्मा मात्र लाव. जगन बुधवारी परत निघेल, फोटो विसरू नकोस, कारण मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी, म्हणजे ह्याच गुरुवारी, सकाळी दहाला ते सगळे कॅमेरा घेऊन परत येणार आहेत.