पांढऱ्या रेघा

३ जून
इलोइलो शहरातल्या दातांच्या दवाखान्यात आज रुजू झाले. यंत्रावर वरच्या जबड्याची क्ष-किरण चित्रं काढायचं काम माझं. हाडाच्या पोकळीत कुठे पडदा आहे, कुठली रक्तवाहिनी नको तिथून गेली आहे, हे मी आधी सांगायचं. मग डॉक्टर विलारुझ नवे दात रोवायला हाड कोरणार. स्वागताला बसणाऱ्या मनांग नेनितांनी (मनांग म्हणजे ताई) दुपारी बाचॉय, शेवयांचं गरम सूप, खाऊ घातलं आणि एवढी सुकडी पोरगी यंत्रातच हरवेल म्हणून चिडवलं. माझी स्वारी खूश आहे.

९ जून
पबालान टीचर आल्या. अर्धं शहर त्यांच्या हाताखालून गेलंय, आमचे डॉक्टरसुद्धा. वर तारांची कवळी. चित्राआधी ती काढायलाच हवी, नाहीतर धातूच्या पांढऱ्या रेघा उमटतात. पण टीचर ओठांवर रुमाल धरून बसलेल्या, शेजारी सून. एवढ्या मानाच्या बाईला बोळकं दाखवा म्हणायचं कसं? माझी जीभच रेटेना. उजवीकडे रेघाच रेघा आल्या, खालचं काही दिसेना. मी लिहिलं: वेगळं काही नाही.

१३ जून
टीचर शस्त्रक्रियेत गेल्या. उजवीकडे हाडात जाड रक्तवाहिनी होती, ती कापली गेली. रक्त घशात उतरलं. डॉक्टर माझ्या शब्दावर विसंबले होते. कुणाचा दोष नाही, असं तेच मला समजावत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी गप्प बसले.

१७ जून
अंत्यदर्शनाला गेले. सुनेनं माझेच आभार मानले. पोरगी फार अदबीची, असं टीचर घरी म्हणाल्या होत्या म्हणे. लाज वाटते.

१९ जून
आजच्या चित्रातही रेघा. पेशंटच्या तोंडात धातूचा कण नाही. यंत्र तपासून घेतलं — ठीक आहे.

२० जून
पुन्हा. उजवीकडेच. रेघांत कवळी दिसते, तारांसकट. तिघांच्या तोंडात तीच. मनांग विचारतात, पोरी, जेवतेस की हवा खातेस?

२३ जून
आज चित्राला ट्रायसिकल रिक्षा चालवणारा रोडेल. उद्या शस्त्रक्रिया. रेघांखाली काही दिसत नाही. सगळं ठीक ना, डॉक्टरांनी विचारलं. खरं सांगितलं तर टीचरांचं चित्र उघडतील — मी मान डोलावली. थू माझ्यावर.

२४ जून, सकाळ
दुसरा जीव नाही घेणार. डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी टीचरांचं चित्र उघडून पाहिलं. मग म्हणाले, रोडेलचं पुन्हा काढ.
काचेमागे बसलेय. खुर्चीत रोडेल नाही —
ओठांवर रुमाल. मी विचारायची वाट बघतायत —
विचारलं. टीचर, कवळी काढता का?
एवढंच ना बाळा, म्हणाल्या, तेव्हाच काढली असती —
काढली. मागून रक्त — थांबत नाही — काचेखालून माझ्या पाया—