दाढीखालची हनुवटी

३ जून

प्रिय भाऊजी, स. न. वि. वि.

तुमच्या दादांच्या घोरण्याला मी किती नावं ठेवली! ते गेल्यापासून या शांततेत झोप लागत नाही.

एक विचारायचं आहे. घोरता घोरता ते मध्येच गप्प व्हायचे, मग दचकून श्वास घ्यायचे. काल दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे सहज बोलले, तर त्यांनी विचारलं, लहानपणी जबड्याला मार लागला होता का? वाढत्या वयात जबड्याचा सांधा मोडला तर खालचा जबडा आखूड राहू शकतो. झोपेत जीभ मागे पडून श्वास अडतो. यांचं हृदय त्यामुळेच थांबलं असं मात्र सांगता येणार नाही, म्हणाल्या. मला तुमच्या लहानपणीच्या सायकलची गोष्ट आठवली. ते पेडलवर, तुम्ही पुढे दांडीवर, आणि दोघंही हनुवटीवर आपटलात. तुम्ही घोरता का? मध्येच थांबता का? माझ्या धाकट्या जावेला विचारून कळवा.

तुमची वहिनी

१२ जून

ती. वहिनींस, सा. न. वि. वि.

ही कानात कापूस घालून झोपते. थांबतो का विचारलं, तर म्हणाली, थांबता तेव्हाच तर माझा डोळा लागतो! परवा क्रेनच्या केबिनमध्ये भर दुपारी डुलकी लागली. मुकादमाने खालून आईबाप काढले. वय झालं, दुसरं काय? तपासणीत काही निघालं तर क्रेनवरून उतरवतील. तेव्हा हा विषय सोडा, लोभ सोडू नका.

तुमचा धाकटा दीर

१९ जून

प्रिय भाऊजी,

विषय सोडत नाही. क्रेनवरून उतरलेले भाऊजी मला चालतील. इतकी वर्षं संसार केला, पण यांची हनुवटी मी कधी पाहिली नाही. दाढी का राखतात, हेही विचारलं नाही. तुम्ही तुमची काढा आणि बाजूने एक, समोरून एक असे फोटो पाठवा. बाईंना दाखवते. मलाही पाहायचं आहे.

वहिनी

२४ जुलै

ती. वहिनींस, सा. न. वि. वि.

दोन्ही फोटो सोबत आहेत. ही म्हणाली, नवरा बदलून आणलात की काय? तपासणीही झाली. झोपेत श्वास खरंच अडतो, वारंवार. सध्या गोदामात बसवलंय. झोपताना नाकावर मास्क लावतो, त्यातून हवा येते. ही म्हणते, शेजारी हत्ती झोपलाय. घोरणं थांबलं, तर आता हिलाच झोप येत नाही.

तुमचा दीर

३० जुलै

प्रिय भाऊजी,

फोटो पोचले. बाई म्हणाल्या, जबडा आखूडच आहे. मी बराच वेळ पाहत बसले. मधोमध बारीकशी खळी आहे. यांनाही असेल?

धाकटीला सांगा, शांतता खुपली तर भाऊजींना हात लावून पाहा. ऊब लागेल, मग झोप येईल.

दाढी पुन्हा राखलीत तरी चालेल. लोभ आहेच, तो असाच राहू द्या. फोटो मात्र परत मागू नका.

वहिनी