पिंपात सोडलेली औषधं

कोल्हापूर, ६ फेब्रुवारी २००८

आक्का, तुझ्या पायावर डोकं ठेवून गुंडूचा नमस्कार. गुडघं कसं हाईत? दाजींचा खोकला कमी आला का? माझं बरं चाललंय (म्हणजे दोन येळ जेवतो, त्यातलं एक येळचं करपलेलं).

आमच्या सांडपाण्याच्या केंद्रावर कॉलेजच्या सुष्मिता मॅडमनी करवंटीच्या कोळशाचं एक पिंप बसवलंतं. गावानं गिळलेली औषधं शेवटी गटारात येत्यात. आमच्या टाक्यांत घाण खाली बसती, पण औषध पाण्यात विरघळून तसंच नदीला जातंय, आणि नदी जाती वाडीला, तुझ्या दारात. कोळसा ते धरून ठेवतो का, हे बघायचं होतं. तपासणीसाठी बाटल्या भरून द्यायचं काम माझं. चार महिनं कोळशानं असं काम केलं की मॅडम मला काका म्हणाय लागल्या.

त्यात आमची कारभारीण, तानाबाई, गेली. दिवस झाल्यावर भावकी म्हणाली, गेलेल्या माणसाचं औषध घरात ठेवू नये, नदीत सोड. मी तिथं शानपणा केला. म्हटलं, नदीत सोडलं तर आक्काच्या पाण्यात जाईल, आपल्याकडं पिंप हाय की. डबाभर गोळ्या कुटल्या, तीन बाटल्या उपड्या केल्या, हळदकुंकू वाहिलं आणि सगळं पिंपात सोडलं (कुटताना रडलो, ते असू दे). दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी बाटली भरून दिली. डोकं ठिकाणावर नव्हतं.

तपासणीत पिंपातनं बाहेर पडलेल्या पाण्यात एवढं औषध निघालं की कोळसाच नापास झाला. मॅडम कागद धरून नुसत्या बसून होत्या. सोमवारी पिंप काढून नेणार. आणि मी तोंड उघडलं न्हाय. मयताला त्या आल्यात्या, तानाबाईच्या पायाशी बसून रडल्यात्या, त्यास्नी कुठल्या तोंडानं सांगू? माझी चूक, आणि बोल त्या पोरीच्या कामाला. लई वाईट वाटतंय.

तुझा भाऊ,
गुंडू

ता. क. रविवारी मॅडम वाडीला दर्शनाला येणार हाईत. तुझ्याकडं च्या घेऊनच जावा म्हणून मीच सांगितलंय. च्या झाला की हे पत्र त्यांच्या हातात दे. पत्र खरं तर त्यांनाच हाय.

आणखी एक. सगळी औषधं सोडली म्हटलं ते खोटं हाय. सकाळची गोळी मी तिला हातानं द्यायचो, ती पट्टी खिशातच राहिलीय, चार गोळ्या हाईत. पिंपात टाकवत न्हाईत, घरात ठेववत न्हाईत. तेवढ्यासाठी एकदा येऊन जा, आक्का.